तीस मायक्रॉनचा काप

१

दगडात जीव सापडला म्हणून नाचत येणाऱ्या माणसांकडे ती जेवणात निघालेल्या केसाकडे बघावं तसं बघायची. चौदा वर्षं ती त्या प्रयोगशाळेत लेझरच्या यंत्रावर होती. या चौदा वर्षांत अकरा जण फुललेल्या चेहऱ्यानं तिच्या खोलीत आले आणि तोंड पाडून बाहेर गेले. कुणी म्हणे हे अब्जावधी वर्षांपूर्वीचे जंतू, कुणी म्हणे हा शेवाळाचा ठसा. ती ऐकून घ्यायची, हातमोजे चढवायची आणि नमुना यंत्राखाली सरकवायची. लेझरचा हिरवा ठिपका डागावर पडला की परत येणाऱ्या उजेडाचा आलेख पडद्यावर चढत-उतरत उमटायचा. प्रत्येक पदार्थाचा आलेख वेगळा, आणि माणसासारखी थाप मारणं आलेखाला जमत नाही. एकाचं शेवाळ म्हणजे त्याच्याच स्वेटरची लोकर निघाली. दुसऱ्याचे जंतू म्हणजे काप काचेवर चिकटवायचा गोंद. तिसऱ्यानं तर दुपारच्या खाण्याचं तेल दगडाला पुसलं होतं आणि त्यावर प्रबंध लिहायला घेतला होता.

तिच्या माघारी सगळे तिला ‘खोडरबर’ म्हणत. तिला ते ठाऊक होतं, आणि आवडतही होतं. ज्यांना लिहिताच येत नाही, त्यांचं खोडावंच लागतं, असं तिचं मत होतं.

त्या अकरा जणांपैकी एक तिचा सख्खा धाकटा भाऊ होता.

सात वर्षांपूर्वी त्यानं एका खडकातले काळे धागे आणले होते. ते त्याच्या बोटांचा घाम आणि तेल होतं, यात शंका नव्हती. पण ते त्याला बाजूला घेऊन सांगता आलं असतं. तिनं भरल्या सभागृहात सांगितलं. “याच्या हाताला लहानपणापासून घाम फार,” ती म्हणाली, “शाळेत याच्या वह्या वाळत घालाव्या लागायच्या.” सभागृह हसलं. भाऊही हसला, सगळ्यांत उशिरापर्यंत. महिन्याभरात त्यानं संशोधन सोडलं आणि एका खाण कंपनीत कामाला लागला. जमिनीत खोल भोक पाडून वर काढलेल्या दगडाच्या लांब कांड्या मोजायच्या, त्यांची नोंद करायची आणि पेट्यांत भरून ठेवायच्या, एवढंच काम. तिच्या मते त्याला तेवढंच झेपण्यासारखं होतं.

आणि आता त्याच्याकडून एक पार्सल आलं होतं. आत बोटभर लांबीची राखाडी कांडी होती, पिशवीत बंद केलेली. सोबत चिठ्ठी: ‘ताई, एकदा बघ. मी हात लावलेला नाही.’

“सुंभ जळला तरी पीळ जात नाही,” ती म्हणाली, आणि कांडी काप करायला पाठवून दिली.

२

शेजारच्या खोलीत काप करणारा बसायचा. त्याला सगळे ‘पाथरवट’ म्हणत. निवृत्तीला दीड वर्ष राहिलेला, कमी बोलणारा, नखांत कायमची दगडाची पूड असलेला माणूस. दगडाची चकती काचेच्या पट्टीवर चिकटवायची आणि ओल्या पुडीवर ती घासत घासत तीस मायक्रॉनवर आणायची, म्हणजे केसाच्या निम्म्याहूनही पातळ, आरपार उजेड जाईल इतकी. त्याच्या कामात तिला आजवर खोट काढता आली नव्हती, त्यामुळे त्याच्याशी ती सहसा बोलतच नसे.

जाडी बरोबर आहे की नाही ते गारगोटीच्या कणांवरून कळतं. सूक्ष्मदर्शकातल्या, उजेड गाळणाऱ्या दोन आडव्या-उभ्या काचांमधून बघितलं की तीस मायक्रॉनची गारगोटी करडी दिसते. काप जाड राहिला तर ती पिवळी पडते, आणखी जाड असेल तर तांबूस, त्याहून जाड असेल तर निळी. पोरासोरांनाही पहिल्या आठवड्यात शिकवतात असली गोष्ट.

पाथरवटानं दिलेल्या कापात गारगोटी करडी होती. शंभर नंबरी.

कणांच्या मधून मात्र बारीक तपकिरी रेषा गेल्या होत्या, झाडाच्या केसमुळांसारख्या. तिनं निळा उजेड टाकला, तर रेषा पिवळ्या-हिरव्या चमकल्या. “गोंद,” ती स्वतःशीच म्हणाली. गोंद असाच चमकतो. मग लेझर टाकला, पाच ठिकाणी. आलेखावर दोन रुंद उंचवटे आले. हा गोंद नव्हता. हा कार्बन होता, जमिनीखालच्या उष्णतेनं अब्जावधी वर्षं भाजून निघालेला कार्बन.

तिनं भुवई उंचावली. असा भाजलेला कार्बन कधी चमकत नाही. जे ताजं असतं, ओलं असतं, ते चमकतं. एकाच रेषेनं राखेसारखंही उत्तर द्यायचं आणि हिरव्या पानासारखंही, हे म्हणजे स्मशानातल्या हाडाला नख वाढल्यासारखं झालं.

“जुन्या कार्बनवर कुणाच्या तरी हाताचा मळ,” तिनं वहीत लिहिलं. खाली तारीख टाकली आणि काप काचेच्या भांड्यात बंद करून ठेवला. भाऊ म्हणतो हात लावला नाही. लावला असणारच.

३

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं तोच काप पुन्हा भिंगाखाली ठेवला. गारगोटी पिवळी होती.

ती तशीच शेजारच्या खोलीत गेली. पाथरवट चष्मा पुसत होता.

“माझा काप कुणाच्या कापाशी बदललात?”

“मी कशाला बदलेन, बाई? भांड्याची किल्ली तुमच्याकडे आहे.”

“मग हा जाड कसा? काल तीस होता.”

त्यानं काप घेतला, उजेडात तिरका धरला, मग मापाच्या यंत्रात घातला. चेहऱ्यावर काही दिसू न देता त्यानं तो काढला, काच पुसली आणि पुन्हा मोजला.

“बेचाळीस,” तो म्हणाला.

“दगड फुगला म्हणता?”

“मी काही म्हणत नाही. मी आकडा सांगितला.”

“चाळीस वर्षं घासताय ना? मग आज नीट घासा.”

तिच्यासमोरच त्यानं काप पुन्हा घासायला घेतला. ओल्या पुडीचा तो संथ, दाणेदार आवाज खोलीत भरून राहिला. अर्ध्या तासानं गारगोटी पुन्हा करडी झाली. काप तिच्या हाती देताना तो म्हणाला, “बाई, एक सांगू? दगड घासताना त्याची पूड पाण्यात खाली बसते. याची बसत नाहीये.”

तिनं थाळीत वाकून बघितलंही नाही. निवृत्ती जवळ आली की माणसं अशीच हळवी होतात, असं ती मनात म्हणाली. आणि ते बरोबरच होतं. एकदा मोजण्यात चूक झाली, एकदा गोंद ओलावला, एकदा म्हाताऱ्याचा हात हलला, एवढ्यात सगळं बसत होतं. कारणं शोधायला तिला कधी वेळ लागला नव्हता.

४

तिसऱ्या दिवशी गारगोटी तांबूस होती.

या वेळी ती कुणाकडे गेली नाही. पडदे ओढले, दार लावलं आणि खुर्चीत बसून राहिली. यंत्राचा पंखा घुमत होता. मग तिनं परवाचा फोटो पडद्यावर काढला आणि त्याच्या शेजारी आजचा ठेवला.

रेषा हलल्या होत्या.

परवा त्या वाटेल तशा पसरलेल्या होत्या. आज त्या पाच ठिकाणी जमल्या होत्या, आणि प्रत्येक ठिकाणी बारीक तपकिरी गाठ होती. ती पाच ठिकाणं कोणती, हे तिला वहीत बघावं लागलं नाही. तिथंच तिनं लेझर टाकला होता.

“नमुन्याखालची पट्टी सरकली असणार,” ती मोठ्यानं म्हणाली. बोलल्यावर तिला स्वतःचाच राग आला. रिकाम्या खोलीत कोण बोलतं? तिनं पट्टी तपासली. तपासणीची सिलिकॉनची चकती ठेवून पाहिली. सगळं केसभरही इकडचं तिकडं नव्हतं. उरलं काय? उरलं एवढंच की दगडात कोंडलेलं काहीतरी, पातळ काप करून काचेला चिकटवलेलं, उजेडाच्या दिशेनं गेलं होतं. असं कुणी तिला येऊन सांगितलं असतं तर तिनं त्याला दारातूनच परत पाठवलं असतं.

तिनं कापाचा एक कोपरा निवडला, जिथं नुसती स्वच्छ गारगोटी होती, एकही रेषा नव्हती. तिथं लेझरचा ठिपका दहा मिनिटं धरून ठेवला. मग हात धुतले, डबा खाल्ला, आणि मुद्दाम सावकाश खाल्ला.

खाताना भिंतीपलीकडून आवाज येत होता. तोच, ओल्या पुडीवर दगड घासल्याचा. संथ, दाणेदार, न थांबणारा. दहा मिनिटं तिनं सोसलं, मग उठून ती ओरडायला गेली. पाथरवटाची खोली रिकामी होती. चाक कोरडं होतं. वायर काढून गुंडाळून ठेवलेली होती. खिडकीतून तो खाली पायरीवर उन्हात बसलेला दिसला, पेपर वाचत.

ती परत आली तेव्हा आवाज थांबला होता. तो थांबलाय हे कळायला मात्र तिला दारातच उभं राहावं लागलं, श्वास रोखून. म्हणजे तो भिंतीपलीकडून येत नव्हता, याच खोलीतून येत होता.

तिनं भिंगाला डोळा लावला. स्वच्छ कोपऱ्यात एक तपकिरी रेषा येऊन पोचली होती.

वहीत तिनं त्या दिवशी काहीच लिहिलं नाही. चौदा वर्षांत असं पहिल्यांदाच झालं.

५

चौथ्या दिवशी अकराच्या सुमारास भाऊ स्वतःच आला. वाळला होता. केस पांढरे झाले होते, आणि हातात हातमोजे होते, मळके, कामावरचे. आत आल्यावरही त्यानं ते काढले नाहीत. पाथरवट त्याला ओळखत होता. त्यानं स्टूल पुढं केलं आणि स्वतः दाराशी उभा राहिला.

“फोन करून येतात,” ती म्हणाली.

“केला असता तर तू ये म्हणाली असतीस?”

“दम कशाला खातोस? विचार काय विचारायचं ते. पुन्हा शोध लावलायस ना?”

“नाही गं ताई.” तो घाईघाईनं म्हणाला. “मला शोधबिध काही नको. हात जोडतो. तू फक्त डाग आहे म्हण.”

हे तिला अनपेक्षित होतं. तिनं त्याच्याकडे नीट बघितलं.

“नीट सांग.”

“चारशे मीटरवरून कांड्या काढल्या. एका पेटीत तीन मीटर बसतात, मी स्वतः मोजून भरल्या. आठवड्यानं पेटीचं झाकण बसेना. मोजलं, तर तीन मीटर चार बोटं. साहेब म्हणाले, तुला मोजता येत नाही. पुन्हा भरल्या. पुन्हा झाकण वर. रात्रपाळीचे लोक म्हणतात गोदामातून दगड घासल्यासारखा आवाज येतो.” तो ओशाळं हसला. “बायको म्हणते, तुम्हाला विश्रांती हवी. मलाही तसंच वाटतं. मी मोजण्यात चुकलो असेन, ताई. चुकतोच मी.”

दाराशी पाथरवटानं पाय बदलला.

“मग चुकलास तर चुकलास. एवढ्यासाठी इतक्या लांब आलास?”

“त्या भोकाला पाणी लागलंय. भरपूर. कंपनी म्हणते भोक बुजवण्यापेक्षा आमच्या वसाहतीला देऊन टाकू, नव्वद घरं आहेत. मी तेवढा आडवा पडलो. म्हटलं त्या दगडात काहीतरी आहे, आधी तपासा. साहेब म्हणाले, तुझ्या बहिणीकडूनच तपासून घे, ती काय म्हणेल ते मान्य. आज चार वाजता सही करायचीय.” त्यानं तिच्या डोळ्यांत बघितलं. “पोरी रोज विचारतात, बाबा, तुम्ही नळ का अडवलाय? सगळी वसाहत माझ्याकडं वेड्यासारखं बघते. तू डाग म्हणालीस की मी सुटलो. पण खरं असेल तर खरं सांग. तुझ्या मशीननं काय सांगितलं?”

तिनं तोंड उघडलं. माझाही काप वाढतोय, एवढं म्हणायचं होतं. तीन शब्द. ते जिभेवर होतेही. पण ते म्हणजे हा बरोबर होता असं म्हणणं होतं. घामट हाताचा, वह्या वाळत घालाव्या लागणारा हा, तिच्याही आधी बरोबर होता. उद्या सगळ्या प्रयोगशाळेत बोभाटा झाला असता: खोडरबरला दगड वाढताना दिसला. दाराशी पाथरवट उभा होता, आणि तो ऐकत होता.

“डाग आहे,” ती म्हणाली. “मागच्या वेळेसारखाच. वर हाताचा मळ, आत जुना कार्बन. साप म्हणून भुई धोपटत बसला होतास.”

भावानं डोळे मिटले. खांदे एकदम खाली आले. त्याला रडू येतंय की हसू, ते तिला कळलं नाही.

“लिहून देशील?”

तिनं लिहून दिलं. दोन ओळी आणि सही. त्यानं कागद जपून घडी घालून खिशात ठेवला आणि पहिल्यांदाच हातमोजे काढले. “वेडा नाही म्हणजे मी,” तो पाथरवटाला म्हणाला आणि जिना उतरून गेला.

पाथरवट तिथंच उभा होता.

“बाई, मी जाडी मोजली होती.”

“तुमचं माप जुनं झालंय.”

“माप जुनं झालं असेल,” तो म्हणाला. “पण तुम्ही काल पडदे ओढून बसलात, ते कशाला?”

तिनं वही पुढं ओढली. तो आपल्या खोलीची किल्ली तिच्या टेबलावर ठेवून निघून गेला.

६

दुपारी तिनं ठरवलं की आता हे प्रकरण निकालात काढायचं. काप तपासायचा, चूक शोधायची, शोधून झाली की तो फेकून द्यायचा. बाहेर रखरखीत ऊन होतं. पडद्याच्या फटीतून त्याची एक पट्टी जमिनीवर पडली होती.

गारगोटी निळी होती. सुंदर, गडद निळी.

तिनं वरच्या पृष्ठभागावर भिंग जुळवलं आणि मग हळूहळू खाली नेलं. खोलीचा आकडा पडद्याच्या कोपऱ्यात दिसत होता. तीस मायक्रॉन. सत्तर. इथं दगड संपून काच लागायला हवी. काच लागली नाही. शंभर. दोनशे. भिंग आतापर्यंत कापावर आपटून फुटायला हवं होतं, पण त्याला काहीच लागत नव्हतं. दगडच होता खाली, आणि दगडाच्या खाली दगड, आणि त्यातून रेषा खाली खाली गेलेल्या, जाड होत गेलेल्या, जशा मुळ्या बुंध्याकडे जाड होत जातात. पाचशे. तिचं बोट चक्रावर आपोआप फिरत होतं. कारण शोधायचं होतं, आणि एकही सुचत नव्हतं.

नऊशेच्या आसपास सगळ्या रेषा एके ठिकाणी मिळाल्या होत्या. तिथं काहीतरी होतं, गोलसर, धूसर. तिनं स्पष्ट करण्यासाठी चक्र फिरवलं. ते आणखी धूसर झालं. तिनं हात काढून घेतला. डोळा मात्र भिंगालाच होता.

आणि हात काढल्यावर ते स्पष्ट होऊ लागलं.

चक्र फिरत नव्हतं. आकडा हलत नव्हता. यंत्राच्या बाजूनं काहीच बदललं नव्हतं. जुळवून घेणं चाललं होतं ते पलीकडच्या बाजूनं, सावकाश, सरावलेल्या हातानं, थोडं पुढं, थोडं मागं, जसं ती स्वतः रोज करायची. मग ते जुळलं.

तिनं काय पाहिलं ते तिला कुणाला सांगता आलं नसतं, कारण ते पाहण्यासारखं काही नव्हतंच. ते पाहणारं होतं. फार तर तीन श्वास. तेवढ्यात तिला तपासलं गेलं, पुरतं, आतपर्यंत. आणि मग ते पुन्हा धूसर झालं, आपण होऊन, कसलीही घाई नसल्यासारखं. तिच्यात बघण्यालायक काही सापडलं नव्हतं.

ती खुर्चीवरून उठली. घड्याळात पाच वाजून दहा मिनिटं झाली होती. फोन तिनं दोनदा चुकीचा लावला. तिसऱ्यांदा भावानं उचलला. मागं पोरींचा गलका होता, आणि पातेल्यात पाणी पडल्याचा आवाज.

“ताई! मी आताच तुझं नाव काढत होतो. सही झाली बघ. चारला नळ सोडला. अगं काय पाणी आहे, गार, गोड! सगळी वसाहत रांगेत उभी आहे. धाकटीनं तर तीन पेले प्यायले, थांबायलाच तयार नाही.”

ती भिंतीला टेकून उभी होती. खोलीत घासल्याचा आवाज पुन्हा सुरू झाला होता.

“ताई? ऐकू येतंय ना? काही सांगायचं होतं का?”

अजूनही म्हणता आलं असतं. पोरींना थांबव, नळ बंद कर, मी खोटं लिहून दिलं. तिनं ओठ ओले केले. तिला सभागृह आठवलं नाही, भाऊ आठवला नाही. फक्त ‘मी खोटं लिहिलं’ हे तीन शब्द स्वतःच्या तोंडून कसे ऐकू येतील, एवढंच तिच्या डोक्यात आलं.

“काही नाही,” ती म्हणाली. “सहज केला होता फोन.”



“सहज?” भावाचा आवाज भरून आला. “तू? मला?” आणि मग तो फोन बाजूला धरून आनंदानं घरात ओरडला, “ऐकलंत का, ताईनं सहज फोन केलाय!”